लाइन गेली, बटन चालूच

वऱ्हाडात वीज जात नाही, लाइन जाते. ती गेल्याची कोणाला तक्रारही फारशी नसते. "गेली," एवढं म्हणून माणूस उठतो, बाहेर येतो, ओट्यावर बसतो. या लेखाचा विषय त्या उठण्यातला आहे.

शेगावकडून संग्रामपूरला जाताना वरवट बकाल लागतं. उत्तरेला सातपुड्याची रेघ, भोवताली कापूस, सोयाबीन, तूर. अशा गावात 'वर्कशॉप' म्हणून वेगळी इमारत क्वचितच असते. घराची पुढची खोली, ओसरी नाहीतर जिन्याखालची जागा, तिथे एक टेबल, आणि तेच दुकान. कोणी मोबाइल-टीव्ही दुरुस्त करतो, कोणी जळालेल्या मोटारी भरून देतो, कोणाकडे शिलाई मशीन आणि शेजारी इस्त्री. मागच्या खोलीत संसार. धंदे वेगळे, पण प्रत्येक टेबलावर काहीतरी तापत असतं: सोल्डरिंग आयर्न, ग्लू गन, इस्त्री, हीट गन, किंवा मोटारीचं ओलं व्हार्निश सुकवायला लावलेला दोनशे वॉटचा बल्ब.

अशा कुठल्याही दुकानातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणा. कारागीर हातातलं सर्किट डाग देऊन संपवणार, तेवढ्यात लाइन जाते. अंधारात तो आयर्न हाताला येईल तिथे टेकवतो आणि बाहेर येतो. थोडी वाट पाहतो. मग चहा, मग गप्पा, मग जेवण. उकाडा असतो म्हणून झोपायला गच्चीवर. रात्री एक वाजता लाइन येते. खालचा पंखा फिरू लागतो, कोणीतरी झोपेतच "आली वो लाइन" म्हणतं आणि कुशीवर वळतं. त्याच क्षणी खालच्या बंद खोलीत आयर्नही जागं होतं. आता ते सकाळपर्यंत तापणार, आणि त्याच्याकडे पाहायला कोणी नाही.

यात विसरभोळेपणा नाही, असं माझं म्हणणं आहे. बटन बंद करण्याची सवय काम संपण्याशी जोडलेली असते. काम संपलं, हात पुसले, बटन बंद. इथे काम संपलंच नाही, मधेच तुटलं. त्यात दिवा विझला, पंखा थांबला, रेडिओ गप्प झाला. डोळे आणि कान दोघेही सांगतात की सगळं बंद आहे. अशा वेळी बटन चालू असल्याची आठवण राहणं हीच खरं तर अनैसर्गिक गोष्ट. म्हणून 'लक्षात ठेवा, उपकरण बंद करा' ही सूचना भिंतीवर लावून फारसं काही साधत नाही. ज्याला ती पाळायची असते त्याच्याभोवती तेव्हा अंधार असतो.

जुन्या कारागिरांना हा प्रश्न नव्हता. त्यांची आगही धोक्याची होती, पण तिचा स्वभाव वेगळा होता. लोहाराने भाता थांबवला की विस्तव मंदावतो. सोनाराने बागेसरीत फुंकणं सोडलं की निखाऱ्यावर राख चढते. आपल्याच जिल्ह्यातलं खामगाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे, आणि चांदी वितळायला सुमारे ९६२ अंश सेल्सिअस लागतात. पण ती आग डोळ्यांना दिसते, कानांना ऐकू येते, आणि माणूस राबत असेपर्यंतच टिकते. माणूस उठला की आग हळूहळू मरते. विजेच्या आगीचं उलटं आहे. तिला माणूस लागत नाही, सरपण संपत नाही, ती दिसत नाही. आणि मेलेली वाटली तरी लाइन आली की पुन्हा जिवंत होते.

मग पंचवीस वॉटचं एक आयर्न करून करून काय करणार, असा प्रश्न पडेल. घरातला साधा पंखा त्याच्या दुपटी-तिपटीने वीज खातो. गोम वॉटमध्ये नाही, ती उष्णता किती लहान जागेत कोंडली जाते यात आहे. आयर्नचं टोक तीनशे ते चारशे अंशांपर्यंत तापतं. कथील-शिशाची सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, त्यामुळे टोक त्याहून बरंच गरम असावंच लागतं. मोकळ्या हवेत, तारेच्या स्टँडवर, जेवढी उष्णता तयार होते तेवढी निघून जाते आणि तापमान एका जागी थांबतं. तेच आयर्न घरंगळून फडक्यावर, थर्माकोलवर किंवा प्लायवुडवर पडलं की उष्णतेची वाट अडते. उष्णता तयार होणं चालूच, निघणं कमी. मग तापमान चढत राहतं. लाकूड आधी वाळतं, मग तपकिरी होतं, मग काळं पडून कोळसा होऊ लागतं, आणि त्यातून जळणारे वायू सुटतात. ज्वाला दिसते ती या सगळ्याच्या शेवटी.

खेड्यात याला आणखी एक पदर आहे, व्होल्टेजचा. तापणाऱ्या तारेतली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टवर २५ वॉट देणारं आयर्न १८० व्होल्टवर जेमतेम १५ वॉट देतं. संध्याकाळी साऱ्या गावाचे दिवे, टीव्ही, गिरण्या चालू असतात, व्होल्टेज पडलेलं असतं, आणि कारागीर कुरकुरतो की आज सोल्डर वितळतच नाही. मध्यरात्री भार उतरतो. व्होल्टेज २५० पर्यंत चढलं तर तेच आयर्न साडेएकोणतीस वॉट देतं, म्हणजे संध्याकाळच्या जवळजवळ दुप्पट. हाताखाली असताना जे थंड वाटत होतं ते पाठीमागे खरं तापतं.

आता मागच्या खोलीकडे वळू, कारण वरवट बकालच्या परिसरात खरी काळजी तिथली आहे. वेचणी झाली की भाव चढेल या आशेने शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतो. २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आठवणीने पुढच्या हंगामात विदर्भातल्या कितीतरी घरांत कापूस महिनोन्‌महिने पडून राहिला. छतापर्यंत कापूस, मधे एक दार, आणि दाराच्या अलीकडे तापणारं टेबल. मांडणी अशी असते. जागाच तेवढी असते, त्यामुळे यासाठी शेतकऱ्याला बोल लावायचं कारण नाही.

कापसाची आग फसवी असते. वरवर हलका कापूस भुर्रकन पेटतो हे सगळ्यांना माहीत आहे. त्याहून वाईट म्हणजे तो आतल्या आत धुमसतो. तंतूंच्या मधे हवा अडकलेली असते, तिच्यावर ठिणगी तासन्‌तास, कधी दिवसच्या दिवस जगते. ज्वाला नाही, धूरही थोडा, फक्त जळकट वास. जिनिंगवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. गाठीत दाबली गेलेली ठिणगी बऱ्याच काळाने गोदामात डोकं वर काढते. त्यात कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी धरत नाही. दवाखान्यातला कापूस पाणी शोषतो, कारण प्रक्रिया करून त्यावरचं मेण काढलेलं असतं. शेतातून आलेल्या कापसावर बादली ओतली तर वरचा थर ओला दिसतो आणि आत निखारा तसाच असतो.

मुंबईने याचा सर्वांत भयंकर दाखला १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिला. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठी. दुपारी कापसाच्या बाजूने धूर दिसला. बंब आले, पाण्याचा मारा झाला, पण गाठींच्या आतली आग हाती लागली नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. ती आग नेमकी कशाने लागली हे ठामपणे सिद्ध झालं नाही, पण कापसातली आग पाण्याला कशी दाद देत नाही ते सिद्ध झालं. दरवर्षी १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो या दिवसाच्या स्मरणार्थ. आपल्याकडे त्याच दिवसांत पारा चाळिशीच्या पलीकडे असतो आणि घरात विकायचा राहिलेला कापूसही.

'आमच्याकडे एमसीबी आहे' हे उत्तर मी अनेकदा ऐकलं आहे. त्यामुळे इथे थोडं थांबतो. एमसीबी तारेचं रक्षण करते. ठरलेल्यापेक्षा जास्त करंट गेला किंवा शॉर्टसर्किट झालं तर ती पडते. सहा अँपिअरची एमसीबी साधारण १,३८० वॉटपर्यंत निमूट उभी राहते. आयर्न घेतं एक दशांश अँपिअर. ते टेबल जाळत असतानाही एमसीबीच्या हिशेबाने सगळं सुरळीत चाललेलं असतं. शॉकपासून वाचवणारी आरसीसीबी वीज गळतीवर नजर ठेवते, उष्णतेवर नाही. दोन्ही घरात असायलाच हव्यात, पण चालू राहून गेलेल्या उपकरणासाठी त्या नाहीत.

इस्त्रीत मात्र राखणदार असतो. दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि संपर्क तोडते. थंड झाली की सरळ होऊन पुन्हा जोडते. 'टक्' असा तो आवाज. हा थर्मोस्टॅट हजारो वेळा उघडतो-मिटतो, दर वेळी बारीक ठिणगी पडते, आणि कधीतरी ते संपर्कबिंदू एकमेकांना वितळून चिकटतात. मग इस्त्री थांबतच नाही. त्यासाठी पुष्कळ उपकरणांत थर्मल फ्यूज नावाचा दुसरा राखणदार असतो, तो एकदाच वितळतो आणि उपकरण कायमचं बंद पडतं. आणि इथेच आपल्या दुरुस्तीवाल्यांची एक सवय आडवी येते. गिऱ्हाईक घाईत असतं, सुटा भाग मिळत नाही, आणि कोणीतरी म्हणतं, "डायरेक्ट करून देऊ का?" म्हणजे थर्मोस्टॅट किंवा फ्यूज वगळून तार सरळ जोडायची. पन्नास रुपयांत इस्त्री चालू. माझ्या मते हे कारागिराने कधीही करू नये, गिऱ्हाइकाने कितीही गळ घातली तरी. त्या इस्त्रीत आता तापण्याला वरची मर्यादाच उरलेली नसते.

पिनेच्या ढिल्या जोडाचा हिशेबही एकदा करून पाहावा. पाणी तापवायचा रॉड दीड हजार वॉटचा असला तर साडेसहा अँपिअर करंट घेतो. सॉकेट सैल झालं, पिन काळी पडली आणि तिथे अर्धा ओहम रोध आला, तर त्या जागी एकवीस वॉट उष्णता तयार होते. करंटचा वर्ग गुणिले रोध, शाळेतलंच सूत्र. म्हणजे अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या आत तुम्ही जवळजवळ एक सोल्डरिंग आयर्न बसवलं. पिन हाताला गरम लागणं ही पहिली आणि बहुधा शेवटची सूचना असते. रॉडचं आणखी एक. संग्रामपूर तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. क्षारांचा पांढरा थर रॉडवर चढला की आतली तार बाहेरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. आणि बादली विसरली तर दीड हजार वॉटचा रॉड उकळत्या पाण्यातून तासाला जवळपास सव्वादोन-अडीच लिटर वाफ करतो. प्लास्टिकच्या बादलीत उघडा पडलेला रॉड पुढे काय करतो ते सांगायला नको.

आता उपायाकडे. सांगायचं आहे त्याचा गाभा वरवट बकालच्या प्रत्येक शेतकऱ्याला आधीच माहीत आहे, फक्त तो शेतात आहे, घरात नाही.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पाहा. हिरवं बटन दाबलं की आतली कॉइल चुंबक बनते, संपर्क ओढून धरते आणि मोटार चालते. बोट उचललं तरी कॉइल स्वतःच स्वतःला धरून राहते. लाइन गेली की कॉइलमधलं चुंबकत्व जातं, संपर्क सुटतो. लाइन परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. कोणीतरी माणसाने येऊन हिरवं बटन पुन्हा दाबावं लागतं. ही रचना मुद्दाम तशी केलेली आहे.

गंमत अशी की आपण ही रचना शेतात मोडून ठेवली. थ्री-फेज लाइन कधी दिवसा, कधी मध्यरात्री येते. दर वेळी विहिरीवर कोण जाणार, साप-विंचवाच्या वाटेने? म्हणून ऑटो स्विच आला, जो लाइन येताच मोटार सुरू करतो. सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर ताण येतो, म्हणून 'ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा' असं महावितरण सांगत असतं. शेतकऱ्याची अडचण मला समजते, त्या वादात मी शिरत नाही. पण घरातलं प्रत्येक साधं बटन हे जन्मजात ऑटो स्विच आहे, हे लक्षात घ्या. लाइन आली की ते कोणालाही न विचारता तापवायला लागतं.

म्हणून कामाच्या टेबलावर शेतातला स्टार्टर आणायचा, त्याच्या धाकट्या रूपात. एक छोटा कॉन्टॅक्टर (म्हणजे तीच कॉइल आणि तिने ओढून धरलेला संपर्क), एक हिरवं बटन, एक लाल बटन, सगळं एका डब्यात. टेबलावरचे तापणारे सगळे सॉकेट त्या कॉन्टॅक्टरच्या पलीकडे जोडायचे; दिवा आणि पंखा अलीकडे, मेनवर. लाइन गेली की कॉन्टॅक्टर सुटतो. मध्यरात्री लाइन आली तर पंखा फिरेल, दिवा लागेल, आयर्न आणि इस्त्री मेल्यासारखी पडून राहतील, सकाळी माणूस येऊन हिरवं बटन दाबेपर्यंत. जो माणूस मोटारी भरतो आणि स्टार्टर दुरुस्त करतो त्याला ही जोडणी नवी नाही. इतरांनी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी. कॉन्टॅक्टर टेबलावरच्या एकूण भाराला पुरेल एवढ्या अँपिअरचा असला पाहिजे, इतकंच पाहायचं.

लाल बटन दाराच्या चौकटीपाशी लावलं तर दुसरा फायदा होतो. बाहेर पडताना टेबलावरची चार बटनं शोधावी लागत नाहीत, एका थापेत सगळं बंद. त्याच कॉन्टॅक्टरवर एक लाल दिवा दाराबाहेर लावावा. घरातल्या कोणालाही ओट्यावरून कळेल की आत काहीतरी तापतंय, आणि "अवो, आत चालू हाय काई?" असं विचारायला कारण मिळेल. चावी देऊन फिरवायचा टायमरही चांगला. तासाभराने तो स्वतःच तोडतो. मोबाइलवरून चालणारे स्मार्ट प्लग आता गावातही मिळतात, पण त्यांच्यातले काही लाइन परत आल्यावर आधीच्याच स्थितीत जातात. आधी चालू होता तर चालू. सेटिंग बघितल्याशिवाय त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

बाकीची पथ्यं साधी आहेत. तापणारी वस्तू विटेवर, शहाबादी फरशीवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर ठेवावी, प्लायवुडवर नाही. स्टँड जड असावा, वायरला ओढ बसली तरी उलटणार नाही असा. थिनर, पेट्रोल आणि व्हार्निशचा डबा त्या खोलीत नकोच. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, आणि थर्मोस्टॅटची ती बारीक ठिणगी तिला पुरते. कापूस मागच्या खोलीत असेल तर मधलं दार बंद राहू द्यावं, आणि दाराजवळच्या हातभर जागेत कापूस नसावा.

एक गोष्ट विषयाच्या जरा कडेची आहे, पण जवसाच्या मुलखात सांगितलीच पाहिजे. लाकडाला जवसाचं तेल लावून पुसलेलं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकलं तर ते स्वतःहून तापतं. तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता तयार होते, आणि चुरगळ्याच्या आत ती कोंडते. कोणतंही उपकरण नाही, लाइन नाही, तरी आग. अमेरिकेत फिलाडेल्फियाची 'वन मेरिडियन प्लाझा' ही उंच इमारत २३ फेब्रुवारी १९९१ रोजी अशाच फडक्यांमुळे पेटली, आणि तिथे अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. अशी फडकी उघड्यावर पसरून वाळू द्यावीत, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावीत.

तरीही पेटलंच तर पहिला हात मेन स्विचवर. लाइन चालू असताना पाणी मारायचं नाही. टेबलावरच्या आगीला वाळूची बादली किंवा एबीसी पावडरचं अग्निशामक चालतं. घेताना त्यावर आयएसआय चिन्ह आणि दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते पाहावं. कापूस धुमसत असेल तर मेन बंद केल्यावर पाण्याच्या बादलीत मूठभर धुण्याची पावडर विरघळवून ते पाणी वापरावं. साबणाने मेणावरही पाणी पसरतं आणि आत शिरतं. धुमसणारा कापूस शक्य झाल्यास घराबाहेर मोकळ्या जागी काढावा, बादली हाताशी ठेवून, कारण वारा लागताच तो भडकू शकतो. विझला असं वाटल्यावरही पुढचा दिवसभर त्याला पुन्हा घरात घेऊ नये. खोली धुराने भरली असेल तर मात्र कापूस, मशीन, काही वाचवायला आत जायचं नाही. १०१ किंवा ११२ लावायचा आणि माणसं मोजायची. बंब नगरपालिकेच्या गावाहून रस्त्याने येणार, त्याला वेळ लागणार, हे धरूनच चालायचं.

हे सगळं वाचून लगेच खर्च करावा असं नाही. आज रात्री जेवणाआधी एक करून बघा. कामाच्या खोलीतली सगळी बटनं नेहमी काम करताना असतात तशी ठेवा. मेन बंद करा, ओट्यावर जाऊन पाच मिनिटं बसा. मग कोणाला तरी मेन चालू करायला सांगा आणि तुम्ही टेबलापाशी उभे राहा. कोणकोणती वस्तू तुम्हाला न विचारता तापायला लागते, ते हात जवळ नेऊन पाहा आणि मोजा.